रेघ स्वयंपाकघरातून जाते

टर्की ओढ्याला आज घोट्याएवढं पाणी.
टेक्सासचा ऑगस्ट. चुनखडीच्या तापल्या पाठीवर एक कासव,
आणि सिकॅमोरच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्या वर,
सुपरमार्केटची ढकलगाडी.
तिच्या जाळीत अडकलेलं वाळकं गवत
सगळं एकाच दिशेला विंचरलेलं.
मी त्याचीही उंची वहीत लिहितो.

पलीकडच्या काठावर रुबेन पट्टी धरून उभा.
मी हातानं डावीकडे म्हणतो, तो उजवीकडे झुकतो.
त्याच्यामागे तीनशे चाळीस छपरं, अजून कौलांचा वास न गेलेली,
आणि एक बाई बाबागाडी ढकलत
जिथं फुटपाथ संपतो तिथून परत फिरणारी.

पाणी कुठं मुरतंय ते शोधायला
नगरपालिकेनं मला पाठवलंय.
कुठंच मुरत नाही.
छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून डांबरावर,
डांबरावरून नळ्यात, नळ्यातून इथं.
ज्याला यायला पूर्वी अर्धा दिवस लागायचा
ते आता चाळीस मिनिटांत पोचतं,
वाटेत कुठं टेकत नाही,
कुणाच्या मुळाशी दोन शब्द बोलत नाही.

आल्बिना कुबेचका, वय शहाऐंशी,
ओढ्याकाठचं सगळ्यात खालचं घर.
तिनं आम्हाला खसखशीचे कोलाचे दिले आणि मग
मांस धुरवायच्या जुन्या खोपटाचा खांब दाखवला.
खांबावर खिळे. प्रत्येक खिळा एक पूर.
खालचे चार तिच्या नवऱ्यानं ठोकलेले, सरळ.
वरचे दोन तिचे. वाकडे.

"हा बघ, सत्तावन्नचा. अकरा इंच पाऊस झाला होता,"
बियाणे कंपनीच्या कॅलेंडरांचा गठ्ठा सोडत ती म्हणाली,
"आणि हा परवाचा, मेमधला.
चार इंच."
दोन्ही खिळे एकाच उंचीवर.
माझ्या संगणकाला जे सांगायला आठ महिने लागले
ते या खांबानं
मधे एका बोटाचीही जागा न ठेवता सांगितलं.

मग मी नकाशा पसरला. ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी.
जुनी रेघ तिच्या कुंपणाबाहेरून जायची.
नवी स्वयंपाकघरातून जाते,
शेगडी कोरडी, टेबल पाण्यात.

"शंभर वर्षांचा पूर," तिनं चष्मा लावून वाचलं.
"मग आता किती वर्षं उरली?"
मी म्हटलं, तसं नसतं ते.
दर वर्षी पिशवीत हात घालायचा,
शंभर गोट्यांत एक काळी,
आणि निघालेली गोटी पुन्हा आत टाकायची.
तीस वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत
चार घरांपैकी एकाच्या हाती ती लागतेच.
ती बराच वेळ पलीकडची छपरं बघत राहिली.
"हे त्या पोरांना कुणी सांगितलंय?"

सांगणार आहे. गुरुवारी सभा आहे.
बिल्डरचा वकील येईल, गोड बोलेल,
रेघ चाळीस फूट मागं सरकवता येते का विचारेल,
जणू ती मी खडूनं काढलीय.
माझ्याकडे आलेख आहेत. आता कॅलेंडरंही.

निघताना तिनं खिशातून एक खिळा काढला.
"तुझी रेघ या खांबावर कुठं येते?
तिथं ठोक. माझा हात नाही पोचायचा."
मी बादली उपडी घातली, वर चढलो.
माझाही हात जेमतेम पोचला.
"साल कुठलं लिहू?"
"ते तू कशाला लिहितोस," ती म्हणाली
आणि आत गेली.
फळ्यांवरून डबे सरकवल्याचा आवाज
बराच वेळ येत होता.

रुबेन पलीकडून ओरडला, बॅटरी संपत आलीय.
मी वही उघडली.
बिंदू एकशे बारा: लाकडी खांब, सातवा खिळा.
शेरा: पाणी अजून आलेलं नाही.